सांध्याचं तोंड

आयोवा, अमेरिका
ऑक्टोबर, शुक्रवार रात्र

ती. स्व. मामांना
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मामी ओरडून सांगतात, त्यात माझं म्हणणं भलतंच होऊन तुमच्यापर्यंत पोचतं. मागच्या वेळी मी "टाकी पुढे गेली" म्हटलं, तर मामींनी तुम्हाला "टाकी फुटली" असं सांगितलं होतं. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तुम्ही घातलेलं कोडं सुटलं, मामा. सोडवायला तीन आठवडे लागले ते लागलेच.

काय झालं होतं ते आधी नीट सांगते, कारण फोनवर सगळा गोंधळच झाला. आमच्या गावातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक छोटी मालगाडी जाते. इथे अशा गाडीला 'लोकल' म्हणतात. लोकल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दाराला लटकलेली माणसं आली होती. पण ही मालगाडी. एक इंजिन, सात-आठ मालडबे, म्हणजे तुमच्या भाषेत वाघिणी, माणसं दोन. सकाळी पश्चिमेकडे जाते आणि संध्याकाळी त्याच एकेरी रुळावरून परत येते. तिच्यात एक पांढरी लांबलचक टाकीची वाघीण असते, प्रोपेन गॅसची. गावातल्या गॅसवाल्याचं आवार रुळाला लागूनच आहे, आत जाणारा फाटा रस्त्यावरून दिसतो. आणि सकाळी ही गाडी ती भरलेली टाकी घेऊन त्याच्या दारावरून सरळ पुढे निघून जायची! पोस्टमननं आपलं पत्र हातात धरून आपल्याच दारावरून पुढे जावं तसं. मला वाटलं विसरले. दुसऱ्या आठवड्यात परत तेच. मी तर त्या गॅसवाल्याच्या कचेरीत जाऊन सांगणार होते, "अहो, तुमची टाकी चालली." बरं झालं गेले नाही.

हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही आधी पोटभर हसलात, मग "सांध्याचं तोंड कुणीकडं आहे ते बघ जा," असं म्हणून फोन मामींच्या हातात दिलात. मामी मला भाज्यांचे भाव सांगत बसल्या.

मग मी गेले बघायला. मला इथे नोकरी करायची परवानगी नाही, व्हिसाच तसा आहे, त्यामुळे सकाळचा वेळ भरपूर. रुळावर पाऊल ठेवायचं नाही, ती रेल्वेची खासगी जागा, पकडतात. पण फाटकापाशी रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं दिसतं. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. दोन रूळ होते, ते एका ठिकाणी एकमेकांत शिरत होते, एवढंच. तोंड कुठलं आणि शेपूट कुठली?

तिथे एक म्हातारे शेतकरी त्यांच्या पिकअप गाडीत बसलेले असतात. मंगळवार-शुक्रवार न चुकता. मांडीवर वही, डॅशबोर्डवर रेल्वेचं बोलणं ऐकू येणारा छोटा रेडिओ. घरी बसून ते ऐकायला इथे कुणाची हरकत नसते. मी आपली तीन दिवस फाटकाशी उभी राहते म्हटल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी काच खाली करून विचारलं, हरवलीस का? मी म्हटलं, माझे मामा रेल्वेत शंटिंग जमादार होते, वाघिणी जोडायचे-तोडायचे. शंटिंग हा शब्द त्यांना कळेना. इथे त्याला 'स्विचिंग' म्हणतात. कळल्यावर मात्र त्यांनी शेजारच्या सीटवरचा सगळा पसारा मागे टाकला आणि मला बसायला जागा केली. तेव्हापासून आमची दोघांची ती जागा ठरलेली आहे. मी त्यांना आजोबाच म्हणते, त्यांना त्याचा अर्थ सांगितलाय.

तर तोंड. आजोबांनी वहीत गलोलीचं बेचकं काढून दाखवलं. बेचक्याची मूठ ते सांध्याचं तोंड. मुठीकडून आलात तर डाव्या फांदीवर जा नाहीतर उजव्या फांदीवर, सांध्याच्या जिभा, म्हणजे रुळांची हलणारी टोकं, फिरवतील तिकडे. पण एका फांदीकडून आलात तर फक्त मुठीकडेच बाहेर पडता येतं, दुसऱ्या फांदीवर जायचं तर आधी मुठीपर्यंत जाऊन मागे यावं लागतं. तुमचं फेसिंग आणि ट्रेलिंग हेच ना? मी लहानपणी हे शब्द तुमच्या तोंडून शंभर वेळा ऐकले असतील, बेचकं कुणी काढून दाखवलं नव्हतं.

गॅसवाल्याच्या सांध्याचं तोंड पूर्वेकडे आहे. सकाळी गाडी पूर्वेकडूनच येते, इंजिन पुढे, टाकी मागे. त्या फाट्यावर वळायचं तर आधी इंजिनच आत जाणार आणि टाकी बाहेर राहणार, आणि टाकी आत ओढून घेतली तर इंजिन आत कोंडणार. संध्याकाळी येताना मात्र इंजिन पूर्वेला असतं. तोंडाच्या पुढे जायचं, जिभा फिरवायच्या आणि टाकी मागे ढकलत आत नेऊन ठेवायची. दहा मिनिटांचं काम. म्हणून ती टाकी सकाळी मालकाच्या दारावरून जाते, पुढच्या गावची हवा खाते आणि संध्याकाळी घरी येते. तुम्हाला हे फोनवर एका सेकंदात कळलं होतं, आणि सांगितलं नाहीत. असो.

धान्याच्या कोठाराचा फाटा याच्या उलट आहे, त्याचं तोंड पश्चिमेला. म्हणून त्याचं काम सकाळीच होतं. इथे त्या कोठाराला 'एलिव्हेटर' म्हणतात. आम्ही नवीन आलो तेव्हा कुणीतरी पत्ता सांगताना म्हणालं होतं, एलिव्हेटरपाशी डावीकडे वळा, आणि मी गावभर लिफ्ट शोधत होते, जिथे दोन मजल्यांच्या वर इमारत नाही. उंच सिमेंटच्या नळकांड्या असतात, त्यात मका बादल्यांच्या पट्ट्यानं वर चढवतात आणि वरून खाली सोडतात. वाफेवर चालणारं असलं पहिलं कोठार बफेलो शहरात १८४२ मध्ये जोसेफ डार्ट नावाच्या व्यापाऱ्यानं बांधलं, आणि त्या चढवण्यावरून नाव पडलं एलिव्हेटर.

आता आजचं सांगते, कारण आज मी पहिल्यांदा पुढची चाल आधी ओळखली.

गाडीत आठ वाघिणी होत्या. इंजिनाच्या मागे लगेच चार रिकाम्या, मक्यासाठी, वरून भरायच्या आणि खालून उघडायच्या. मग पुढच्या गावाच्या दोन. मग गॅसची टाकी. सगळ्यात मागे आणखी एक रिकामी, तिची गोष्ट शेवटी. कोठारापाशी पाच भरलेल्या वाघिणी तयार उभ्या होत्या. म्हणजे चार ठेवायच्या, पाच न्यायच्या. मी असते तर काय केलं असतं? आधी पाच बाहेर काढल्या असत्या, त्या कुठेतरी ठेवल्या असत्या, मग चार आत, मग पाच उचलायला परत. इंजिन दिवसभर येरझाऱ्या घालत बसलं असतं.

त्यांनी काय केलं ते बघा. मागच्या चार वाघिणी तिथेच मेन लाइनवर सोडल्या. इंजिन आणि चार रिकाम्या सांध्याच्या तोंडापलीकडे नेल्या, जिभा फिरवल्या आणि त्या रिकाम्यांसकट मागे येत कोठाराच्या फाट्यात शिरले. रिकामीचं तोंड भरलेलीला लागलं. सगळ्या नऊ ओढून बाहेर. जिभा परत सरळ. नऊ घेऊन मेन लाइनवर मागे, उभ्या असलेल्या गाडीला भरलेल्या पाच जोडून दिल्या आणि बरोबर भरलेल्या आणि रिकाम्यांच्या मधून तोडलं. आता इंजिनाशी फक्त चार रिकाम्या. पुन्हा तोंडापलीकडे, जिभा वाकड्या, चार आत. इंजिन एकटं बाहेर, जिभा सरळ, येऊन गाडीला लागलं. चार वेळा सांधा फिरला आणि काम संपलं. एकही वाघीण दोनदा उचलून ठेवावी लागली नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण आजोबा म्हणाले, खरी हुशारी इथली नाही, काल रात्री ज्यानं त्या चार रिकाम्या इंजिनाला लागून लावल्या त्याची. आठ वाघिणी एका ओळीत लावायच्या तर ४०,३२० प्रकार होतात. मी मोबाइलवर हिशोब करून बघितला. त्यातले कामाचे किती? तुम्ही हे रात्रीच्या अंधारात, कंदील हातात घेऊन, चाळीस-चाळीस वाघिणींचं करायचात आणि घरी येऊन म्हणायचात, "आज विशेष काही नाही."

आणि आम्ही काय समजत होतो? शंटिंग म्हणजे उगाच पुढेमागे करणं. लग्नात कुणी रिकामटेकडा मांडवात फिरत असला की 'शंटिंग करतोय' म्हणायचं. माझ्याच लग्नात सामानाचा टेम्पो गल्लीत मागे घेताना तुम्ही दोन्ही हात डोक्यावर धरून ते एकमेकांजवळ आणत होतात, जवळ आणायचे, लांब न्यायचे. टेम्पोवाल्याला वाटलं तुम्ही टाळ वाजवताय. तो थांबला नाही आणि भिंतीला घासला. तो हात 'हळूच जोड' असा होता हे मला आत्ता कळतंय, सात वर्षांनी.

इथे हात क्वचितच दाखवतात. सगळं रेडिओवर. इंजिनात ड्रायव्हर, त्याला इथे 'इंजिनिअर' म्हणतात (आपल्याकडे गल्लोगल्ली इंजिनिअर आहेत, पण इंजिन चालवणारा इंजिनिअर मी इथेच पाहिला). आणि खाली कंडक्टर. तिकीट फाडणारा नव्हे, गाडीचा खरा मालक तोच. आमच्या गाडीवर ती बाई आहे, पन्नाशीची, नारिंगी जाकीट, जाड हातमोजे. तुमच्या भुवया वर गेल्या असतील. पण साताऱ्याच्या सुरेखा यादव ड्रायव्हर म्हणून इंजिनावर चढल्या तेव्हा तुम्हीच मला पेपरातला फोटो कापून पाठवला होता, तेव्हा बोलू नका.

ती वाघिणीच्या कडेच्या शिडीवर लटकून मागे बघत असते आणि रेडिओवर मोजत असते. दहा डबे. पाच. तीन. दोन. एक. अर्धा. आणि मग दोन शब्द, ज्यांचा अर्थ 'बस, झालं' एवढाच. एक डबा म्हणजे पन्नास फूट धरायचे. यातला मला सगळ्यात आवडलेला नियम असा की तिनं 'दहा डबे' म्हटल्यावर पुढचा आकडा आलाच नाही, रेडिओ बंद पडला, ती घसरून पडली, काहीही झालं, तर ड्रायव्हरनं पाच डब्यांच्या आत गाडी थांबवायचीच. निम्म्यात. गप्प बसणं म्हणजे थांब. तुमच्याकडे झेंडी दिसेनाशी झाली की ड्रायव्हर थांबायचा, तीच गोष्ट आवाजात आणलेली. जोडताना वेग ताशी चार मैलांच्या वर नको, म्हणजे माणसाच्या चालीचा. मग खण्ण् असा आवाज येतो आणि तो सगळ्या गाडीतून शेवटपर्यंत पळत जातो. जोडल्यावर थोडं ओढून बघतात, खरंच लागलंय ना.

जोडल्यावर ब्रेकच्या हवेच्या नळ्या लावायला तिला दोन वाघिणींच्या मध्ये जावं लागतं. त्याआधी ती रेडिओवर 'थ्री स्टेप' मागते. ड्रायव्हर ब्रेक लावतो, गाडी पुढेमागे नेणारा दांडा मध्यावर आणतो, चाकांकडे जाणारी वीज तोडतो, आणि तिन्ही झाल्याचं सांगतो. ते ऐकल्याशिवाय ती पाय आत टाकत नाही. ओळखीचा ड्रायव्हर असला तरी नाही, घाई असली तरी नाही. आज पाऊस चालू होता, ती भिजत उभी होती, आणि तरी उत्तर येईपर्यंत तशीच थांबली.

तेव्हा मला तुमची करंगळी आठवली.

आम्ही सगळी भाचरं विचारायचो, मामा, अर्धं बोट कुठे गेलं? आणि तुम्ही डोळे मोठे करून म्हणायचात, "वाघिणीनं खाल्लं!" आम्हाला वाटायचं खरंच जंगलातली वाघीण. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की माझे मामा वाघिणीशी लढले. आठवी-नववीत कधीतरी कळलं की मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, आणि मग मला त्या विनोदाचा जरा रागच आला होता. हसत हसत सांगण्यासारखं नव्हतं ते.

इथेही तसंच होतं. पूर्वी दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून एक जाड कडी हातानं समोरच्या खोबणीत धरायची आणि वरून खिळा टाकायचा. डबा येतोय, हात आत आहे. जुन्या माणसाची ओळख म्हणे बोटं मोजून व्हायची. एली जॅनी नावाच्या माणसानं, जो कापडाच्या दुकानात कारकून होता, चाकूनं लाकूड कोरून एक नमुना केला. तुमच्या उजव्या हाताची चार बोटं वाकवा, डाव्या हाताची चार बोटं वाकवा आणि एकमेकांत अडकवा: ते त्याचं कपलिंग. डबे आदळले की आपोआप अडकतं, सोडवायला बाजूचा दांडा उचलायचा, मध्ये शिरायला नको. १८७३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आणि सगळ्या गाड्यांना आपोआप लागणारं कपलिंग आणि हवेचे ब्रेक लावायचा कायदा झाला १८९३ मध्ये. वीस वर्षं! लाकडात कोरलेलं उत्तर समोर असताना वीस वर्षं माणसं बोटं देत राहिली. आपल्या बॉक्सएन वाघिणींना जे मध्यभागी कपलिंग असतं ते याच घराण्यातलं. ते तुमच्या यार्डात सगळीकडे यायच्या आधी, बफरांच्या मध्ये वाकून स्क्रू कपलिंग लावायचात तेव्हा, तुमची करंगळी गेली. तारीख तुम्ही कधी सांगितली नाहीत, आईनं सांगितली.

बरं, हँडब्रेक. कोठारात ठेवलेल्या चार वाघिणींवर ती कंडक्टर बाई एकेक करून चढली आणि चाकं गरागरा फिरवून ब्रेक आवळले, मग इंजिनानं हलकेच धक्का देऊन बघितलं, हलतात का. तुम्ही साखळी-कुलूप लावून चाकाखाली गुटका ठोकायचात आणि तरी रात्री उठून बघायला जायचात, असं मामी सांगतात. आजोबा म्हणाले, जुलै २०१३ मध्ये कॅनडात लाक-मेगांतिक गावाच्या वर उतारावर कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्री उभी करून ठेवली होती. हँडब्रेक सातच आवळले होते. इंजिन बंद केल्यावर ब्रेकमधली हवा उतरत गेली, गाडी एकटी खाली सुटली आणि गावात उलटली. ४७ माणसं गेली. हे सांगताना त्यांनी काच वर केली, जणू त्या बाईला ऐकू जाऊ नये.

इंजिनाबद्दल विचारणार तुम्ही, म्हणून लिहिते. जीपी ३८-२, दोन हजार अश्वशक्तीचं, १६ सिलिंडर, चारच आस. त्यामुळे असल्या वाकड्यातिकड्या फाट्यांत सहज वळतं. ही जात १९७२ ते १९८६ मध्ये बनली, म्हणजे हे माझ्यापेक्षा वडील आहे. तुमच्या आल्को इंजिनासारखं धुराचे लोट सोडत नाही. १९९९ मध्ये आपल्याकडे डब्ल्यूडीजी-४ इंजिनं आली होती ना, त्याच कंपनीचं हे थोरलं भावंड. उभं असताना आवाज अगदी तसाच, पोट भरलेल्या म्हशीसारखा. वाघिणी मात्र अवाढव्य. तुमची बॉक्सएन भरली की ८१ टन. इथली चार आसांवर १३० टनांपर्यंत जाते. आणि हे सगळं आपल्यापेक्षा अरुंद रुळावर, १,४३५ मिलीमीटरच्या. आपला १,६७६.

शिट्टी: फाटकाच्या आधी दोन लांब, एक आखूड, एक लांब. १५ ते २० सेकंद आधी सुरू करायची आणि इंजिन रस्त्यावर येईपर्यंत वाजवायची. आपल्याकडे रुळाकडेला 'सी/फा' ची पाटी असते, सीटी-फाटक, तशी इथे नुसतं इंग्रजी डब्ल्यू लिहिलेली. रात्री झोपेत ऐकू आली की मी उशीवरच मोजते.

गार्डाचा डबा नाही. शेवटच्या वाघिणीच्या कपलिंगला एक पेटी अडकवलेली असते, तिच्यावर लाल दिवा लुकलुकतो, आणि ती मागच्या टोकाचा हवेचा दाब रेडिओनं इंजिनात कळवते. १९८० नंतर गार्डाचे डबे निघत गेले. आपल्याकडे गार्डाला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात हे मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे नाव बदलायला माणूसच उरला नाही.

त्यांच्या वहीत वाघिणींची अक्षरं आणि नंबर लिहिलेले असतात. अक्षरांच्या शेवटी 'एक्स' असला की ती वाघीण रेल्वेची नाही, कुणा कंपनीची स्वतःची, भाड्यानं फिरणारी. कॅनडाची, मेक्सिकोची वाघीणही या गावात येते, रूळ सगळीकडे एकच. मी त्यांना आपल्या डब्यांवरचं 'म. रे.', 'प. रे.', 'द. म. रे.' सांगितलं, आणि आम्ही पोरं 'मरे, परे, दमरे' असं एका दमात म्हणायचो तेही. 'मरे'चा विनोद इंग्रजीत उतरला नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसले.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी बाबांना म्हणाला होतात, मी आतून ऐकलं होतं, "आता सगळं रेकचं काम. गाडी भरली, निघाली, रिकामी झाली, परत आली. सांधेवाल्याची अक्कल कुणाला पाहिजे?" १९८० च्या दशकात आपल्या रेल्वेनं एक-दोन वाघिणींचा फुटकळ माल सोडून पूर्ण गाडीचा माल घ्यायचं ठरवलं, आणि यार्डातल्या ओळी रिकाम्या होत गेल्या. रेल्वेचं चुकलं असं मी म्हणत नाही. वाघीण प्रवासापेक्षा यार्डातच जास्त उभी राहत होती, हे तुम्हीही मानायचात. पण तुमच्या ओळींत गवत वाढलं, आणि ते तुम्ही कधी विसरला नाहीत.

इथेही तसंच होणार होतं. हा रूळ रॉक आयलंड रेल्वेचा होता, ती दिवाळखोरीत जाऊन ३१ मार्च १९८० ला कायमची थांबली. १९१६ मध्ये या देशात दोन लाख चोपन्न हजार मैल रूळ होते, त्यातले पुष्कळ उपटले गेले. पण १९८० मध्येच रेल्वेवरची सरकारी बंधनं सैल करणारा कायदा झाला, आणि मोठ्या रेल्वेंनी टाकून दिलेले तुकडे छोट्या कंपन्यांनी घेतले. आज अशा सुमारे ६०० छोट्या रेल्वे आहेत. त्यांचं पोट भरतं ते या असल्या कामावर: इथे चार ठेव, तिथून पाच उचल, गॅसवाल्याला एक टाकी. मोठ्या गाड्या शंभर-सव्वाशे वाघिणींच्या, त्या आमच्या गावाकडे बघतही नाहीत. पण शेवटचे दहा मैल हीच दोन माणसं करतात, ताशी दहा मैलांनी, आणि ते काम रेकच्या हिशोबात बसत नाही. एकेक वाघीण ओळखावीच लागते.

म्हणजे मामा, तुमची अक्कल इथे आठवड्यातून दोनदा लागते. मी स्वतः बघते.

आता एक कोडं माझ्याकडून.

यंदा पाऊस लांबला, मका ओला आलाय. तो सुकवायला प्रोपेन लागतो, आणि गॅसवाल्याकडचा संपत आला होता. त्यामुळे आज त्यांनी संध्याकाळची वाट न बघता सकाळीच टाकी आत घातली. कोठाराचं काम उरकल्यावर गाडी मागे घेऊन लूपशेजारी, म्हणजे बाजूनं जाऊन परत मेन लाइनला मिळणाऱ्या रुळाशेजारी, मेन लाइनवर उभी केली, इंजिन सोडवलं, लूपमधून फिरवून गाडीच्या शेपटाला आणून लावलं. लाल दिव्याची पेटी कंडक्टर बाईनं आधी उचलून रुळाकडेला ठेवली. इथपर्यंत मी आजोबांच्या आधी सांगितलं, आणि ते "बरोबर" म्हणाले.

पण शेपटाला ती आणखी एक रिकामी वाघीण होती, आठवते? इंजिन त्या रिकामीला लागलं, रिकामीच्या पुढे टाकी. त्यांनी टाकीच्या पलीकडून तोडलं, दोन्ही ओढून सांध्याच्या तोंडाबाहेर नेल्या आणि रिकामी मध्ये ठेवूनच टाकी आत ढकलली. टाकी आत राहिली, रिकामी परत बाहेर. तिच्यात मका नाही, तिला त्या फाट्यात काही काम नाही. मग मी जुनी पानं उलटून बघितली तर वहीत दर फेरीला तसंच. इंजिन आणि टाकीच्या मध्ये नेहमी एक रिकामी.

का?

मी म्हटलं, गॅसवाल्याचा रूळ कच्चा असेल, इंजिनाचं वजन झेपत नसेल. आजोबा हसले. इंजिन सुमारे अडीच लाख पौंडांचं, आणि भरलेली टाकी २,६३,००० पौंडांपर्यंत जाते. रुळाला टाकी झेपते तर इंजिन का नाही झेपणार? तेव्हा ते उत्तर बाद.

खरं उत्तर त्यांनी मला नंतर सांगितलं. पण मी ते लिहिणार नाही, मागच्या वेळी तुम्ही फोन मामींकडे दिला होता ना. विचार करा आणि पत्रानंच कळवा. चुकलात तर तुमच्या पुढच्या पत्रापर्यंत मी काही सांगणार नाही.

मामींना नमस्कार. त्यांना सांगा, टाकी फुटली नाही, जागेवर आहे.

तुमची भाची